दहा मिनिटांचे दादा

फाल्गुन निम्मा सरला की आमच्या कॉलेजच्या आवारातला कडुनिंब पानं टाकायला लागतो आणि त्याच सुमारास नाट्यशास्त्र विभागाच्या फळ्यावर प्रात्यक्षिक परीक्षेचं वेळापत्रक लागतं. यंदाही लागलं. मीच लावलं. विभागात आता शिपाई उरलेला नाही आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाने टाचण्या टोचू नयेत असं कुठे लिहिलेलं नाही. कागदावर चौथी ओळ असते: ‘निरीक्षणातून व्यक्तिचित्रण, प्रत्येकी दहा मिनिटे.’ ती टाइप करताना दरवर्षी माझा हात थांबतो. शेजारच्या खोलीत कुणी रडायचा सराव करत असतं, कुणी पायऱ्यांवर बसून संवाद घोकत असतं, वारा वाळलेली पानं व्हरांड्यात आणून टाकत असतो. लोकांना या दिवसांत पळस दिसतो, आंब्याचा मोहोर दिसतो. मला चैत्र संपेपर्यंत फक्त लोकांचे पाय दिसतात.

मी इथलाच विद्यार्थी. सात वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाला होतो आणि तेव्हा हाच ऋतू मला सगळ्यांत जास्त आवडायचा. विभाग म्हणजे कॉलेजची जुनी व्यायामशाळा. छताला कसरतीच्या कड्या अजून लोंबत होत्या, एका कोपऱ्यात लोखंडी वजनं गंजत पडली होती, आणि पुढे लाकडी फळ्यांचा वीतभर उंचीचा रंगमंच. उजवीकडची तिसरी फळी पाय पडला की कुरकुरायची, म्हणून आमची सगळी पात्रं तिला वळसा घालून चालायची. राजा असो की भिकारी, तिसरी फळी आली की जरा डावीकडे. त्या खोलीला काळ्या पडद्याच्या धुळीचा आणि मिशा चिकटवायच्या गोंदाचा मिळून एक वास होता. तो नाकात गेला की मला वाटायचं, आपण कुणीतरी आहोत. बाहेर आम्ही कुणीच नव्हतो. गावात मी ‘नाटक्या’ होतो आणि घरात ‘बीडला असतो’ एवढाच.

दादा म्हणजे माझे वडील. त्यांना मी प्रवेश घेतल्याचं सांगितलं तेव्हा ते एका मेंढराच्या खुरातला काटा काढत होते. आमचं गाव वडवणीपासून आत, डोंगराच्या पायथ्याला. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरंच. मान वर न करता ते म्हणाले, “नाटकाचं बी कालेज असतंय?”

“असतंय.”

“अन् शिकिवत्यात काय त्यात?”

“चालायचं कसं, बोलायचं कसं, हुबं ऱ्हायाचं कसं.”

त्यांनी काटा काढून लांब फेकला आणि मेंढराला सोडून दिलं. “मंग सोपं हाय की,” म्हणाले. “तेवडं तर तुला येतंयच.” माझ्या शिक्षणाबद्दलची आमच्या घरातली चर्चा एवढ्यावर संपली. मायला मी मास्तर व्हावं असं वाटत होतं, पण दादांनी हो म्हटल्यावर तिनेही भाकरी बांधून दिली.

विभागाला एकच सर होते. बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर चढवून बोलणारे. त्यांची निरीक्षणाची पद्धत सगळ्या जिल्ह्यात नावाजलेली होती. दिवाळीला प्रत्येकाने एक जिवंत माणूस निवडायचा. शिमग्यापर्यंत, म्हणजे चार महिने, त्याच्यावर डोळा ठेवायचा. दिसेल ते वहीत लिहायचं आणि परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर दहा मिनिटं तो माणूस व्हायचं. नियम एकच होता. ‘का’ विचारायचं नाही. माणूस असा का चालतो, असा का बसतो, हे आपलं काम नाही. “तुम्ही ‘कसं’ ते बघा,” सर म्हणायचे. “का-च्या मागे लागलात की तुमचं लक्ष माणसावरून उडून स्वतःच्या अकलेवर जातं.” आम्हाला ते फार पटायचं. वयच तसं होतं, कुणी ठामपणे सांगितलं की पटायचं. माझ्या वर्गातल्या अस्माच्या वडिलांचा फळांचा गाडा होता. तिने त्या गाड्यावर रोज घासाघीस करून काहीच न घेणारी एक बाई निवडली. एकाने एस.टी.चा कंडक्टर घेतला. मी दादा घेतले.

दादांना सांगितलं तर ते चक्क लाजले. “माझ्यात काय हाय बगन्यासारकं?” म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी मेंढरं घेऊन निघाले ते धुतलेलं धोतर नेसून. काट्याकुट्यात जायचं, बाभळीखाली बसायचं, आणि अंगावर पांढरंशुभ्र धोतर. माय म्हणाली, “हे काय, लगनाला निगाले का?” दादा म्हणाले, “पोरगं बगनार हाय.” चार दिवस ते माझ्यासमोर असे वागले की जणू फोटोग्राफरने हलू नका म्हणून सांगितलंय. मग मी त्यांना दिसणार नाही अशा जागा शोधल्या. बांधाच्या आडून, बोरीच्या झुडपामागून मी माझ्या बापाला बघत होतो.

दर शनिवारी मी बीडहून घरी यायचो. त्या दिवसांत मेंढरं तेलगावच्या बाजूला उतरलेली असायची. कापूस वेचून झालेल्या रानात ती पराटीची पानं, राहिलेली हिरवी बोंडं ओरबाडत फिरायची. सकाळी दवाने माती काळीभोर झालेली असायची आणि मेंढरांच्या अंगातून वाफ निघायची. लोकरीचा ओला वास, कुठून तरी उसाच्या पाचटाचा धूर, आणि या सगळ्यात काठीवर हनुवटी टेकून उभे असलेले दादा. मी इतका सुखी त्याआधी नव्हतो आणि त्यानंतरही झालो नाही. लिहायला रोज नवीन काहीतरी सापडायचं.

मार्गशीर्षात मला त्यांचा अंगठा सापडला. तंबाखू मळताना दादांचा उजवा अंगठा तळहातावर नीट फिरत नव्हता. मध्येच अडायचा, आणि अर्धी तंबाखू बोटांच्या फटीतून खाली सांडायची. सांडलेल्या तंबाखूकडे ते असे बघायचे की ती दुसऱ्याच कुणाची तरी आहे. मी ते जसंच्या तसं लिहून काढलं. पौषात चुन्याची डबी सापडली. तिचं झाकण त्यांच्याच्याने उघडेना. ते डबी शेजारच्या गड्यापुढे धरायचे आणि सहज म्हणायचे, “उगड रं जरा, माझी नखं वाडलीत.” नखं वाढलेली नव्हती. मी तेही लिहिलं, आणि कंसात लिहिलं, ‘सुंदर!’ सदऱ्याचं वरचं बटण त्यांनी लावायचं सोडलं होतं. आणि मग माघात ती चाल मिळाली. डावा पाय उचलायच्या ऐवजी ते तो जरा ओढत होते. वहाणेचा शेंडा मातीला घासून जायचा आणि ढेकळांच्या रानात मागे एक बारीक रेघ उमटायची. त्या रेघेवर हात ठेवून मी बसलो होतो, मला आठवतंय. सरांनी सांगितलं होतं, चाल सापडली की माणूस सापडतो. मला माणूस सापडला होता.

एकदा ती चाल नीट टिपता आली नाही म्हणून मी लपणं सोडून सरळ पुढे गेलो आणि म्हणालो, “दादा, तसंच चाला बरं परत.” ते चालले. मी म्हटलं, “आनिक एकदा. त्या बांधापसून.” ते परत बांधापर्यंत गेले आणि चालत आले. तिसऱ्या खेपेला ढेकळाला अडखळून गुडघ्यावर बसले. हसून उठले, धोतर झटकलं, “झालं का तुजं?” म्हणाले. मी वहीत लिहिलं की उठताना दोन्ही हातांचा जोर काठीवर येतो आणि डावं पाऊल सगळ्यात शेवटी हलतं. मी त्यांना हात द्यायला पुढे झालो नव्हतो. लिहीत होतो.

आता मी मुलांना शिकवतो तेव्हा सरांचा तो ‘का’चा नियम बदललाय. वहीच्या पहिल्या पानावर मी लिहून घेतो: माणूस बरा आहे का, ते आधी विचारा. मुलं हसतात. परवा मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “सर, ही परीक्षा नाटकाची हाय का दवाखान्याची?” वर्ग खदखदला. मीही हसलो. कारण सांगत बसलो नाही, आणि मुलं तसं विचारतात तेही वही भरण्यापुरतंच हे मला दिसतं. ‘माणूस बरा आहे’ असं एका ओळीत लिहून मोकळे होतात. त्या वयात समोरच्या माणसाचं काही खास दिसलं की इतका आनंद होतो की ते खास कशामुळे आहे हे सुचतच नाही. मी त्यांना रागावत नाही. मला रागावण्याचा हक्क नाही.

परीक्षेसाठी मला दादांच्या जुन्या वहाणा हव्या होत्या. डावीचा शेंडा झिजून पार पातळ झाला होता, अंगठ्याचं नख जमिनीला लागेल इतका. मी त्या मागितल्या आणि पुढच्या शनिवारी न्यायला आलो, तर दादांनी वडवणीच्या बाजारात मोच्याकडून दोन्हींना नवे तळ ठोकून आणलेले. पॉलिशसुद्धा केलेलं. “सायबांम्होरं जायाचं तर फाटकं कावून न्यायाचं?” म्हणाले. मी त्यांच्यावर चिडलो. खरंच चिडलो. तीन महिन्यांची मेहनत वाया घालवली म्हणालो. त्यांनी वहाणा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. मग बीडला येऊन मी डाव्या वहाणेचा शेंडा व्यायामशाळेच्या मागच्या खडबडीत दगडावर घासत बसलो. दोन संध्याकाळी घासला. दादांच्या पायाने जे इतक्या दिवसांत केलं होतं ते मी दोन दिवसांत केलं, आणि ते हुबेहूब जमलं म्हणून मला स्वतःचं कौतुक वाटलं.

दादांना परीक्षेला या असं मी म्हटलं नाही. मेंढरं कुणाकडे सोडणार, हे निमित्त होतं. खरं कारण असं की तंबाखू सांडते त्या जागी लोक हसणार हे मला ठाऊक होतं. लोकांनी हसावं म्हणून मी ती जागा जरा लांबवलीही होती. दादांनी त्यांचा पटका मात्र मायकडून धुऊन घडी घालून पाठवला होता. परीक्षेच्या दिवशी मी तो बांधला, धोतर नेसलो, काठी घेतली आणि रंगमंचावर चाललो. तिसऱ्या फळीवरून चाललो. वळसा घातला नाही, कारण दादा वळसा घालणाऱ्यांतले नव्हते. फळी कुरकुरली आणि त्यावर डावी वहाण घासत गेली. खोलीत इतकी शांतता पसरली की खिडकीतल्या चिमण्यांचा आवाज ऐकू आला. मग मी बसलो, तंबाखू मळली, अर्धी सांडली, तिच्याकडे परक्यासारखं बघितलं, आणि हशा उसळला. परीक्षक चष्मा काढून डोळे पुसत हसत होते. डबी पुढे धरून “उगड रं जरा” म्हणालो तेव्हा तर मागच्यांनी बाक वाजवले. दहा मिनिटं संपली. परीक्षक सरांना म्हणाले, “हे शिकवून येत नाही.” माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सगळे हसत असताना एक माणूस हसला नव्हता. रहीमचाचा, आमच्या विभागाचे शिपाई. ते दाराला टेकून उभे होते. मी बाहेर नळावर तोंड धूत होतो तेव्हा ते मागून आले आणि हळू आवाजात म्हणाले, “बेटा, तुझे वालिद खरंच असं चालतात, का तू बनवलंस?”

मी म्हणालो, “खरंच चालतात, चाचा. एक पाऊल बनवलेलं न्हाई.”

“मंग त्यांना दवाखान्यात दाखव,” चाचा म्हणाले. “माझ्या बड्या भावाचा पाय असाच घासत होता. हातातून चीज पडायची. आमी म्हटलं, थकला असंल. लई उशीर झालता. तू उशीर नको करूस.”

मी ओल्या तोंडाने त्यांच्याकडे बघून हसलो. ती मला दाद वाटली. आजवर मिळालेली सगळ्यात मोठी दाद. आपलं काम इतकं खरं झालं की बघणाऱ्याला माणूस आजारीच वाटला, असं मी ते ऐकलं. संध्याकाळी टपरीवर सगळ्यांना मी ते रंगवून सांगितलं. “चाचाला तर वाटलं, पेशंट हाय!” पोरांनी पाठ थोपटली. अस्मा तेवढी म्हणाली, “पन मग दाखवून का आनत न्हाईस?” मी म्हटलं, “अगं, तेच तर नटाचं काम हाय.” या वाक्याला काही अर्थ नाही. तेव्हा आम्हाला तो वाटला, आणि चहा संपला. हे लिहितानाही माझे कान तापलेत.

चैत्रात लेखी परीक्षा झाली. वैशाखात एका स्पर्धेत मी तीच चाल घेऊन उभा राहिलो आणि बक्षीस मिळवलं. घरी जायला सवड नव्हती. चुलतभावाचा फोन आला तेव्हा रोहिण्या लागल्या होत्या. दादा डोंगराच्या उतारावर पडले होते. एक कोकरू छातीशी धरून उतरत होते, पाय गेला, आणि मग उठताच येईना. कोकराला काही झालं नव्हतं. माणसं न्यायला येईपर्यंत दोन तास ते तिथेच उन्हात पडून होते आणि मेंढरं त्यांच्या भोवती उभी होती.

बीडच्या डॉक्टरांनी आम्हाला संभाजीनगरला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी दादांच्या तळपायावर किल्ली ओढली, गुडघ्यांवर ठोकून पाहिलं आणि मला विचारलं, “कधीपासून आहे हे?” मी सांगायला लागलो. आधी उजवा अंगठा, दिवाळीनंतर महिन्याभराने. मग डबीचं झाकण, मग बटण. डावा पाय माघात. आधी फक्त शेंडा घासायचा, मग ढेकळात अडखळणं सुरू झालं, उठताना दोन्ही हातांचा जोर लागायला लागला. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. “इतकं नीट कुणी सांगत नाही,” म्हणाले. “मेडिकलला आहात का?”

मी म्हणालो, “नाही. नाट्यशास्त्राला.”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं.  मग त्यांनी मानेच्या एमआरआयचा फोटो वर धरून दाखवला. मानेच्या मणक्यात नस दाबली जात होती. ऑपरेशन केलं तर आहे तिथे थांबेल, पण गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही, म्हणाले. “चार-सहा महिने आधी आला असतात तर गोष्ट वेगळी होती. तुम्हाला तर सगळं दिसत होतं.” ते रागावून बोलले नव्हते. बाजूच्या खुर्चीत दादा बसले होते आणि भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत होते.

ऑपरेशन झालं. आहे तिथे थांबलं. आता दादा चार पायांच्या लोखंडी वॉकरला धरून बाजेपासून दारापर्यंत जातात आणि दारापासून बाजेपर्यंत येतात. मेंढरं त्याच पावसाळ्यात विकली. व्यापारी ती टेम्पोत भरत होता तेव्हा दादा ओट्यावर बसून एकेकीचं नाव घेत होते. सगळी भरून झाल्यावरही नावं संपली नव्हती. दादांना तंबाखू आता माय मळून देते. ती स्वतः कधी खात नाही, पण तिच्या तळहाताला कायमचा तंबाखूचा वास लागलाय, आणि ती भाकरी वाढते तेव्हा तो येतो. मी नटही झालो नाही. स्पर्धेत बक्षीस देणाऱ्यांनी पुढे बोलावलं होतं, गेलो नाही. रंगमंचावर पाऊल टाकलं की डावा पाय आपोआप ओढला जायचा आणि मला तो थांबवता यायचा नाही. म्हणून शिकवतो.

सात वर्षं मी एक गोष्ट दादांना सांगितली नव्हती. चाचांनी मला सांगितलं होतं, ही. मार्चमध्ये, स्पष्ट शब्दांत, नळाजवळ. दादांना वाटत असेल पोराला कळलं नाही, पोरगं लहान होतं. ते तसं समजत आहेत तोवर मी त्यांच्यासमोर बसू शकतो, जेवू शकतो. ते कळल्यावर त्यांनी माझ्याकडे कसं बघितलं असतं हे मला बघायचं नव्हतं. बघण्यातच सगळं आयुष्य घातलेल्या माणसाने हे म्हणावं, हे विचित्रच आहे. पण भीती होती, आणि ती दर फाल्गुनात वर यायची.

परवाच्या रविवारी घरी गेलो होतो. सकाळची वेळ, ऊन अजून कोवळं. दादा अंगणात बाजेवर बसले होते. माय पायरीवर तंबाखू मळत होती. दादा म्हणाले, “परीक्षा लागल्या का रं पोरांच्या?”

“लागल्या.”

“तू मला करून दाकवलं न्हाईस कदी. सगळ्या बीडानं बगितलं, म्याच राह्यलो.”

मला काय झालं कोण जाणे. इतकी वर्षं घट्ट धरून ठेवलेलं एकदम तोंडातून गेलं. म्हणालो, “दादा, तवा आमच्या शिपायानं सांगितलंतं मला. दवाखान्यात दाखव म्हनलंतं. म्या मनावर घेतलं न्हाई.” मायचा अंगठा तळहातावर थांबला. दादांनी माझ्याकडे बघितलं. ज्या बघण्याला मी सात वर्षं भ्यालो होतो ते हे नव्हतं. ते जरा ओशाळल्यासारखे दिसत होते.

“आन् मला कळत न्हवतं व्हय?” म्हणाले. “पाय तर माजाच व्हता. ही तुजी माय मागं लागलीती, वडवणीला दाकवून या म्हनून. म्याच म्हनलं, पोराची परीक्षा होऊ दे, मंग ती स्पर्धा होऊ दे. त्यानं एवडं लिहून घेतलंय. गोळ्या खाऊन पाय बरा झाला, तर ते काय करंल बिचारं?”

आणि हसले. आपलीच एक गंमत उघडी पडल्यासारखे हसले. मी मायकडे बघितलं. तिने मान खाली घातली आणि पुन्हा तंबाखू मळायला लागली. म्हणजे खरं होतं. त्या माणसाने माझ्या दहा मिनिटांसाठी आपला पाय चार महिने तसाच ठेवला होता, आणि मी त्याला वहाणांना तळ का मारले म्हणून बोललो होतो. मला त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं. पण दादांना रडणं खपत नाही, आणि ते वाट बघत होते.

“कर की,” म्हणाले. “बगू तरी.”

मी केलं. पटका नव्हता, काठी नव्हती, वहाणाही नव्हत्या. अंगणाच्या एका टोकापासून डावा पाय ओढत आलो, बसलो, रिकाम्या तळहातावर अंगठा अडवला, सांडलेल्या तंबाखूकडे बघितलं. मायला हसू आलं आणि तिने पदर तोंडाला लावला, मग तो तसाच राहू दिला. दादा डोळे बारीक करून बघत होते. बाजारात मेंढरू पारखताना बघायचे तसे, आधी खूर, मग पाठ, मग तोंड. 

“बराबर हाय,” माझं झाल्यावर म्हणाले. “अंगठा बी बराबर हाय. पर सुदाम, ही तर दुकन्याची चाल हाय. ही माजी न्हाई. त्याच्या आदीची दाकव. लई दिस झाले, मला बी आता याद येत न्हाई.”

मी उठून परत अंगणाच्या टोकाला गेलो. लहानपणी त्या चालीच्या खांद्यावर बसून मी वडवणीचा बाजार बघितला होता. वीस वर्षं तिच्या मागून रानात गेलो, ती मला सोडून पुढे जाईल म्हणून धावलो. तिच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. बघायला लागलो ते ती बिघडल्यावर. माय पदर धरून थांबली होती, दादा बाजेवर पुढे वाकून बसले होते. मी ताठ उभा राहिलो, खांदे मागे घेतले आणि पाय उचलला. तो कसा टाकायचा, ते मला माहीत नव्हतं.